चमचाभर पावडर आणि इंचभर माया

टाचणीमावशींच्या ओठांत किती टाचण्या आहेत, त्यावरून त्यांचा नूर ओळखावा असं गल्लीत सगळे म्हणत. दोन असल्या तर स्वारी खुशीत. चार म्हणजे कामात. सहाच्या वर गेल्या की गिऱ्हाइकानं मुकाट्यानं हात वर करावेत, माप द्यावं आणि घरचा रस्ता धरावा. टाचण्या धरूनच त्या बोलत, त्यामुळे त्यांच्या बोलण्यातून प, ब आणि म ही अक्षरं कायमची रजेवर गेली होती. 'बाही'ची 'आही' होई आणि 'माप' म्हणजे नुसताच एक लांबलचक 'आ'. जुन्या गिऱ्हाइकांना सगळं कळे. नवी माणसं घाबरून दोन्ही बाह्या सारख्या येतील ना, एवढंच विचारत.

एकतीस वर्षं त्या शाळेचे गणवेश शिवत होत्या. घराची पुढची खोली हे दुकान. खिडकीशी मशीन, मध्ये कापायचं लांब टेबल, टेबलाखाली चिंध्यांचं पोतं, भिंतीवर खडूनं लिहिलेली मापं. नवरा गेल्यावर याच टेबलावर कापड बेतून त्यांनी लेक वाढवली, शिकवली, लग्न करून दिलं. जावई बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी, म्हणून लेक आणि नात माघारी याच घरात राहायला आल्या. लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. सकाळी सातला घराबाहेर पडायची ती संध्याकाळी यायची. तोवर नात आजीच्या ताब्यात.

मावशींचा दुसरा लौकिक असा, की त्यांच्या पोटात काही राहत नाही. कुणाची कंबर दोन इंचांनी वाढली, कुणी जुन्याच कापडाला नवं अस्तर लावून मागितलं, हे दुपारपर्यंत शेजारच्या इस्त्रीवाल्याला कळलेलं असे, आणि इस्त्रीवाल्याला कळलं म्हणजे संपलंच.

नातीचं मात्र नेमकं उलटं झालं होतं. तिच्या पोटात सगळंच राहत होतं.

आता नाक मुरडायचं काही कारण नाही. गोष्ट शीची आहे. राजाला येते, राणीला येते, आणि नाही आली तर राज्य चालत नाही.

नातीला सगळे भिंगरी म्हणत. सहा वर्षांची. एका जागी ठरेल तर शपथ. पण त्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर ती मधूनच कपाटामागे जाऊन उभी राहू लागली. टाचा उचललेल्या, पाय एकात एक अडकवलेले, मुठी आवळलेल्या, डोळे छताला लागलेले, तोंड लालबुंद.

"नाचाचं अंग आहे हो पोरीला!" मावशींनी जाहीर केलं. त्यासाठी टाचण्यासुद्धा काढल्या. गिऱ्हाइकं आली की त्या कौतुकानं कपाटामागे बोट दाखवत. एका बाईंनी तर टाळ्या वाजवल्या आणि क्लास कुठला म्हणून विचारलं.

नाच कसला! पोर जिवाच्या आकांतानं शी आत ढकलत होती. कधीतरी एकदा दगडासारखी झाली होती, दुखलं होतं, थोडं रक्तही आलं होतं. तिनं कुणाला सांगितलं नाही, फक्त मनाशी ठरवलं, की हे पुन्हा करायचं नाही. मुलांचे निश्चय आपल्यासारखे दोन दिवसांत मोडत नाहीत. आठवडा-आठवडा ती आत साठवत गेली. आणि मग तिच्या चड्डीला डाग पडायला लागले.

"एवढी घोडी झालीस आणि हे काय?" मावशी ओरडल्या. "वेळेवर जायला काय होतं तुला?"

"मी नाही केलं," भिंगरी म्हणाली.

"मग काय मी केलं?"

पोर खरं बोलत होती. पण ते कळायला मावशींना पुढे चार महिने लागले.

एके दिवशी चित्रकलेच्या तासाला भिंगरीच्या बाकाजवळ वास आला. शेजारची मुलगी नाक धरून उठली, मग मागची, मग सगळा वर्ग. भिंगरी घरी आली, दप्तर टाकलं, टेबलाखाली चिंध्यांच्या पोत्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "मी आता शाळेत जाणार नाही. मोठी झाल्यावर पण नाही. तुझ्याबरोबर काजं करीन."

लेकीनं रजा काढली आणि मुलांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. मावशींना कुणी बोलावलं नव्हतं. त्या दाराशी चपला घालून तयार होत्या.

डॉक्टरीणबाई तरुण होती, केस आखूड आणि हात गरम. तिनं भिंगरीला झोपवून पोटावरून बोटं फिरवली आणि मावशींचा हात धरून डाव्या बाजूला खाली टेकवला. "लागलं हाताला?"

मावशींच्या हाताला एक गोळा लागला. कडक, केवढातरी. बॉबिनच्या पेटीएवढा. एवढ्याशा पोटात!

"ही आळशी नाही आणि हट्टी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "हिला दुखतंय म्हणून ही धरून ठेवते, धरून ठेवलं की आणखी कडक होतं, कडक झालं की आणखी दुखतं. आधी आठवडाभर पावडर जास्त द्यायची, सगळं बाहेर काढायचं. मग रोज थोडी, पाण्यातून."

"किती दिवस?" लेकीनं विचारलं.

"दिवस नाही, महिने. सहा तरी धरा, कदाचित वर्ष, वर थोडं. आतडं ताणलं गेलंय. ते पुन्हा आपल्या मापावर यायला वेळ लागतो. बरं वाटलं म्हणून मधेच थांबवू नका. सवय लागेपर्यंत द्यायचं."

लेकीनं सगळं वहीत लिहून घेतलं. मावशींनी त्यातले दोनच शब्द उचलले आणि पदराला गाठ मारली. एक 'ताणलं' आणि दुसरा 'सवय'.

पहिला आठवडा म्हणजे जत्रा होती. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी पोटात गुडगुड, मग गडगड, मग भिंगरी काजाची सुई टाकून धूम पळाली. संडासात पायांखाली ठेवायला मावशींनी लाकडी पाट दिला होता, त्यावर पाय रोवून ती बसली. बाहेर मावशी आणि लेक श्वास रोखून उभ्या. पाणी ओतल्याचा आवाज आला नाही. आला तो भिंगरीचा.

"आजी! टेप आण!"

"कशाला गं?"

"मोज!"

"अगं बये, त्याला कोण मोजतं?"

"तू सगळ्यांना मोजतेस!"

हे खरं होतं. मावशींनी दारातूनच वाकून, एकतीस वर्षांच्या अनुभवानं, नजरेनं माप घेतलं. "साडेनऊ इंच," त्या म्हणाल्या. "घेर विचारू नकोस."

भिंगरीनं ते भिंतीवर, पाचवीच्या मुलींच्या झग्यांच्या मापांखाली, खडूनं लिहायला लावलं. त्या आठवड्यात तिथं सात आकडे झाले. गणवेशाचं माप द्यायला आलेल्या एका गृहस्थांनी चष्मा सावरून विचारलं, "हे साडेनऊ, सात, अकरा कशाचं? कॉलरचं?"

"खास ऑर्डर आहे," मावशी म्हणाल्या आणि मशीनवर डोकं टेकून पोट धरून हसल्या.

तिसऱ्या आठवड्यात भिंगरी शाळेत गेली. डाग नाही, कपाटामागचा नाच नाही, पोट मऊ. सकाळी एक सपाट चमचा पावडर पेलाभर पाण्यात, ढवळली की चव नाही, रंग नाही. नाश्त्यानंतर आणि जेवणानंतर दहा मिनिटं पाटावर पाय ठेवून बसायचं. लेकीनं मशीनवर घड्याळ ठेवलं होतं. दीड महिना कसा गेला कळलंही नाही.

इथेच ही गोष्ट संपायला हवी होती. पण शेजारी इस्त्रीवाला होता.

"अजून देताय?" तो कोळशाची इस्त्री फिरवत म्हणाला. "मावशी, मी सांगतो, ऐका. जुलाबाच्या औषधाची सवय लागते. आतडी आळशी होतात. माझंच बघा. वीस वर्षं रोज फक्की घेतो. एक दिवस चुकली की दिवसभर नुसता इस्त्रीसारखा तापून बसतो. वाफ आहे, काम नाही!"

मावशी हसल्या, पण घास घशात अडकावा तसं ते वाक्य अडकलं. डॉक्टरीणबाईही म्हणालीच होती की, सवय लागेपर्यंत द्यायचं. म्हणजे सवय लागणार हे तिनं कबूलच केलं की! आणि दुसरं ते ताणलेलं. इलास्टिक एकदा ताणलं की ताणलं, हे मावशींइतकं कुणाला ठाऊक असणार? एकतीस वर्षांत हजारो चड्ड्यांची, परकरांची, बाह्यांची सैल इलास्टिकं त्यांनी उसवून फेकली होती. एकही कधी परत आखूड झालं नव्हतं. म्हणजे पोरीचं आतडं परत यायचं नाही, पावडर सुटायची नाही, पोर लग्नाला उभी राहील तेव्हाही हातात पेला!

त्या दिवशी सपाट चमच्याचा पाऊण झाला. पुढच्या आठवड्यात अर्धा. मग पाव. मग चिमूट.

आणि आयुष्यात पहिल्यांदा मावशींच्या पोटात एक गोष्ट राहिली. लेकीला सांगितली नाही. इस्त्रीवाल्यालाही नाही! गोष्ट अशी काही फुगली, की मावशींना दुपारी झोप लागेना. एका झग्याला त्यांनी तीन बाह्या कापल्या. ओठांत आठ-आठ टाचण्या. गिऱ्हाइकं दारातूनच परत फिरू लागली.

पंधरा-वीस दिवसांनी चड्डीला पुन्हा डाग दिसला. पातळ, पिवळट. मावशींनी कपाळावर हात मारला. बघा! चिमूटभर दिली तरी एवढं पातळ! पावडर अंगात मुरली, आता आतडं धरतच नाही! त्यांनी ती चिमूटही बंद केली. रोज सकाळी नुसतंच पाणी ढवळून देऊ लागल्या, आणि लेक घाईत केस विंचरताना बघून म्हणायची, "घेतली ना गं? शहाणी माझी बाय."

भिंगरी परत कपाटामागे दिसू लागली. टाचा वर, मुठी आवळलेल्या. आता मावशींना नाच वाटेना. त्यांच्याच पोटात गोळा आला. पण बोलायचं कसं? बोलायचं म्हणजे सगळंच बोलावं लागणार.

बुधवारी भिंगरी भर दुपारी घरी आली. शाळेच्या शिपाईणबाई हात धरून सोडायला आल्या होत्या. अंगावर शाळेतली कुणाची तरी जुनी विजार, आणि तिचा स्वतःचा गणवेश, आजीनं शिवलेला, पिशवीत. ती थेट टेबलाखाली शिरली आणि पोत्यात तोंड खुपसून बसली.

"भिंगरे, अगं..."

"माझं पोट फसवतं मला," आतून आवाज आला. "मी काहीच करत नाही तरी होतं. बाईंनी मला मागे बसवलं, एकटीला. मी जाणार नाही आता शाळेत. तू रोज पावडर देतेस, मी रोज पिते, तरी होतं. म्हणजे मी कधीच बरी होणार नाही."

मावशींनी टाचण्या एकेक करून काढल्या आणि डबीत ठेवल्या. आठ होत्या. मग त्या, साठी उलटल्यापासूनचं गुडघ्याचं दुखणं विसरून, टेबलाखाली शिरल्या.

"तू पावडर पीत नव्हतीस," त्या म्हणाल्या. "मी देत नव्हते."

भिंगरीनं तोंड वर केलं. "का?"

"मला वाटलं... मला अक्कल जास्त आहे."

"आहे का?"

"आज तरी दिसत नाही."

संध्याकाळी लेकीला सांगितलं तेव्हा ती पर्ससकट खुर्चीत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली. "दोन महिने आई? दोन महिने मी तिला शहाणी म्हणते आणि तू पाणी पाजतेस?"

"अगं, काळजीपोटी..."

"पोटी-पोटी करू नकोस! तिच्या पोटाचं काय ते सांग!"

दुसऱ्या दिवशी तिघी पुन्हा त्या गरम हातांच्या बाईपुढे. भिंगरी टेबलावर झोपलेली, लेक भिंतीकडे बघत, आणि मावशींनी खुर्चीत टेकायच्या आत सगळं ओकून टाकलं. इस्त्रीवाला, फक्की, पाऊण, अर्धा, पाव, चिमूट, तीन बाह्यांचा झगा, सगळं. डॉक्टरीणबाईनं मधे तोंड उघडायचा दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"झालं?" शेवटी तिनं विचारलं.

"झालं. आता बोला काय बोलायचं ते."

"बोलत नाही. माझ्याकडे दर महिन्याला एक तरी आजी येते पावडर चोरणारी. कधी आजोबा असतात. आता ऐका. तो पातळ डाग म्हणजे औषध जास्त झाल्याची खूण वाटली ना तुम्हाला? उलट आहे. आत परत कडक गोळा बसलाय. वरून येणारं पातळ त्याच्या कडेकडेनं झिरपतं. तिला ते कळतही नाही, कारण ताणल्यामुळे तिथली जाणीवच बोथट झालीय. ती म्हणत असेल ना, की मी केलं नाही?"

मावशींनी भिंगरीकडे पाहिलं. चार महिन्यांपूर्वीचं 'मग काय मी केलं' त्यांना चाबकासारखं लागलं.

"पण ते ताणलेलं?" त्या म्हणाल्या. "खोटं सांगू नका हं. इलास्टिक ताणलं की परत येत नाही. मी आयुष्यभर हेच केलंय."

"आतडं इलास्टिक नाही हो. लोकरीचा स्वेटर समजा. ओला झाला की लोंबून गुडघ्यापर्यंत येतो. हातात धरून ओढलात तर आणखी लोंबतो. सपाट पसरून ठेवला, वजन टाकलं नाही, तर वाळत वाळत परत आपल्या मापावर येतो. पण वेळ लागतो, आणि रोज रिकामं राहावं लागतं. पावडर तेवढंच करते. पाणी धरून ठेवते, शी मऊ ठेवते."

"आणि सवय? तुम्हीच म्हणालात, सवय लागेपर्यंत द्या."

डॉक्टरीणबाईनं कपाळाला हात लावला. "अहो आजी, औषधाची नाही! जायची सवय! रोज जायची!"

"मग तसं बोलायचं ना!" मावशी उखडल्या. "शिकलेली माणसं अर्धं वाक्य गिळतात आणि आम्ही बाकीचं आपल्या मनानं शिवतो!"

लेकीला इतक्या रागातही हसू फुटलं. तिनं ते खोकल्यात दडवलं.

"कबूल," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तर ही पावडर अंगात मुरत नाही म्हटलं तरी चालेल, जवळजवळ सगळी जशीच्या तशी बाहेर पडते. आतड्याला चाबूक मारत नाही, त्यामुळे ते आळशी व्हायचा प्रश्न नाही. इस्त्रीवाल्यांची फक्की काय आहे ते मला माहीत नाही, त्यांना म्हणावं स्वतःच्या डॉक्टरांना विचारा. मुलांना महिनोन् महिने देऊन, त्यांच्यावर लक्ष ठेवून बघितलंय, गंभीर अपाय दिसलेला नाही. पोटात गुडगुड होते, वारा सरतो, कधी जास्त पातळ होतं. तेव्हा मात्रा कमी करायची, पण मला फोन करून. म्हणूनच मी दर दोन महिन्यांनी हिची उंची, वजन, पोट बघणार."

"शंभर टक्के सांगता?"

"शंभर टक्के मी पाण्याबद्दलही सांगत नाही. पण पावडर न दिली तर काय होतं, ते तुम्ही स्वतःच करून पाहिलंत." तिनं टेबलाकडे मान वळवली. भिंगरी स्वतःच्या पोटावर तबला वाजवत होती.

मावशींनी पदराची गाठ चाचपली. मग हळूच म्हणाल्या, "बरं वाटत होतं हो तिला. अगदी मापात बसलं होतं सगळं. मग कशाला जास्त, असं वाटलं."

"मापात बसलं म्हणूनच पुढे चालू ठेवायचं. बरं वाटल्यावरही काही महिने. मग हळूहळू कमी."

"म्हणजे माया ठेवायची!" मावशी एकदम ताठ बसल्या.

"माया तर हवीच," डॉक्टरीणबाई मऊ आवाजात म्हणाली. "अशा मुलांना मायेनंच..."

"प्रेमाची नाही हो! शिवणातली माया!" मावशींनी तिच्या पांढऱ्या कोटाची बाही पकडून उलटी केली. "हे बघा, शिवणीच्या आत हे जादा कापड सोडलंय ना? याला माया म्हणतात. बरोबर मापावर कापलं तर पहिल्याच ओढीला टाका सुटतो, उसवतं. म्हणून मापाच्या पुढे इंचभर सोडायचं. आणि मी..." त्यांचा आवाज खाली आला. "एकतीस वर्षं कुणाच्या झग्याला माया ठेवल्याशिवाय कातरी लावली नाही. आणि नातीच्या औषधाची सगळी माया कापून टाकली."

"मला माहीतच नव्हतं याला माया म्हणतात," डॉक्टरीणबाई बाही निरखत म्हणाली.

"तुमच्या शिंप्यालाही माहीत नाही. पाव इंच सोडलीय मेल्यानं."

पुन्हा मोठा चमचा, पुन्हा पाट, पुन्हा गडगडाट. भिंतीवर नवे आकडे. लेक चार दिवस आईशी तुटक बोलली. पावडरीचा डबा तिनं स्वतःच्या कपाटात ठेवला आणि सकाळी जाताना स्वतः पेला भरून ठेवू लागली. मावशींना ते झोंबलं, पण त्यांनी कानाला खडा लावला. भिंगरीनंच तोड काढली. तिनं डब्यावर ताबा मिळवला, चमच्यावर सुरी फिरवून सपाट करायला शिकली आणि आजीला हुकूम सोडला, "तू फक्त बघ. हात लावू नकोस. तुझा भरवसा नाही."

पोट तीन आठवड्यांत साफ झालं. शाळा मात्र दूरच राहिली. भिंगरी जायचं नाव घेईना.

"आता होत नाही ना काही?"

"घरी होत नाही. शाळेत आलीच तर मला धरून ठेवावी लागेल. तिथल्या संडासाचं दार लागत नाही. मोठ्या मुली ढकलतात."

मावशींनी कपाळावर हात मारला. एवढं एक वाक्य! पोर पहिल्या दिवसापासून हे पोटात घेऊन फिरत होती आणि कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या सकाळी त्या टेप घेऊन शाळेत गेल्या. दाराची कडी तुटून वर्ष झालं होतं. शिपाईणबाई म्हणाल्या, अर्ज दिलाय. मावशी म्हणाल्या, "अर्जानं दार लागतं का?" त्यांनी चौकटीचं माप घेतलं, घरी येऊन दप्तराच्या जाड पट्ट्याचा तुकडा दुहेरी केला, चार टिपा मारल्या, एका टोकाला फास आणि दुसऱ्या टोकाला लाकडी गुटका. मग पट्टा मधे कापून फास चौकटीवर आणि गुटका दारावर खिळ्यांनी ठोकून दिला. आतून गुटका फासात अडकवला की हत्तीनं ढकललं तरी दार उघडायचं नाही.

मग वर्गाच्या बाईंकडे वळल्या. "भिंगरी विचारेल तेव्हा तिला सोडायचं. तास असो, परीक्षा असो."

"अहो पण एकीला सोडलं की सगळीच मागतील."

"मागू द्या! पोट आहे ते, शाळेची घंटा नाही. आणि तिला मागे एकटीला बसवायचं नाही. तिनं काही केलेलं नाही. करणारी मी होते." बाईंना यातलं काही कळलं नाही, पण मावशींच्या ओठांत तेव्हा एकही टाचणी नव्हती आणि सगळी अक्षरं भरपूर स्पष्ट येत होती. बाई हो म्हणाल्या.

सोमवारी भिंगरी निघाली. फाटकापर्यंत आजीचं बोट धरून, फाटकाच्या आत एकटी. मावशींनी घरी जायला हवं होतं. पण हातात तिसरीच्या मुलींच्या झग्यांचं गाठोडं होतं, ते कार्यालयात द्यायचंच होतं. दिलं. आणि मग त्या पहिलीच्या वर्गासमोरच्या बाकावर टेकल्या. गुडघे दुखत होते म्हणून. बाकी काही नाही.

डबा खाऊन झाला, घंटा झाली, वाचन सुरू झालं. मावशी दाराच्या फटीतून बघत होत्या. भिंगरी मधल्या रांगेत, पुस्तकात बोट घालून बसली होती. मग तिच्या टाचा हळूच वर उचलल्या गेल्या. पाय एकमेकांकडे सरकले. मावशींनी गळ्यातला टेप काढून मुठीत आवळला. आत्ता धरलीस तर गेलं, बाळे, सगळं गेलं, पुन्हा पहिल्यापासून.

भिंगरीनं हात वर केला. हात कसला, अख्खी उठूनच उभी राहिली.

"बाई, मला शीला जायचंय!"

वर्गात खसखस पिकली. बाईंनी दाराकडे, फटीतल्या त्या एका डोळ्याकडे पाहिलं. "जा."

भिंगरी बाहेर आली. पळाली नाही, रेंगाळली नाही, ताठ चालत गेली. आजी बाकावर आहे हे तिनं पाहिलंसुद्धा नाही, एवढ्या कामात होती. दार लागलं. आतून गुटका फासात बसल्याचा खट् असा आवाज आला. मावशी हातातला टेप गुंडाळत आणि उलगडत राहिल्या. दोन मिनिटं. चार. कुणीतरी मोठी मुलगी आली, दार ढकललं, दार हललं नाही, ती निघून गेली. सहा. पाण्याचा आवाज. हात धुतल्याचा आवाज, साबणासकट.

भिंगरी ओल्या हातांनी बाहेर आली आणि आजीला पाहून थबकली. "तू अजून इथंच? दुकान कोण बघतंय?"

"जातेच आहे. झाली?"

"झाली. मोजायची नाही, ओतलं मी पाणी." आणि ती वर्गात गेली, दारातच उभी राहिली आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई, झाली!"

"बरं. बस. पान बारा."

ती आपल्या मधल्या रांगेत, दोन मुलींच्या मधे, जाऊन बसली. पावडर त्यानंतर वर्षभर, वर दोन महिने चालली, मग डॉक्टरीणबाईच्या हुकुमानं हळूहळू कमी होत एका शनिवारी सुटली, आणि कुणाला कसलीही सवय लागली नव्हती, जायची सोडून. पण ते पुढचं. त्या सोमवारी भिंगरीचं बोट पान बारावर टेकायच्या आत पुढच्या बाकावरून एक हात वर झाला.

"बाई, मला पण."

मग खिडकीजवळून एक. मग एकदम पाच. मग अर्धा वर्ग उभा, सगळ्यांची पोटं एकाच वेळी जागी झालेली, आणि दाराशी रांग, कारण आत काय खट् वाजतं ते प्रत्येकाला स्वतः वाजवून बघायचं होतं. बाई खडू हातात घेऊन वर्गाबाहेर आल्या आणि बाकाकडे वळल्या.

मावशींनी गाठोड्याचं रिकामं फडकं छातीशी धरलं. "मी आपली गणवेश द्यायला आले होते," त्या म्हणाल्या आणि गुडघेदुखी असलेल्या बाईला न शोभेल अशा वेगानं फाटकाकडे सुटल्या.